बिनपाण्याची बाग

ट्रक घरासमोर थांबला तशी शैलजा अनवाणीच बाहेर धावली. ट्रकमध्ये मागे हिरव्यागार गवताच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या. पुढून मिसेस हॅन्सन उतरल्या, हातात क्लिपबोर्ड. अ‍ॅरिझोनातल्या या वसाहतीच्या त्या अध्यक्ष, आणि नियम म्हणजे नियम. ‘अंगणातली मेलेली झाडं ३ मार्च २००८ पर्यंत काढावीत, नाहीतर आम्ही सगळं अंगण साफ करून गवत लावू,’ अशी नोटीस त्यांनीच ऑक्टोबरात धाडली होती.

तेव्हा त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं. शैलजाने हौसेने लावलेली अकरा वाळवंटी झुडपं उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या करड्या काटक्या होऊन बसली होती. येणारा-जाणारा विचारायचा, “काय गं, सरपण जमवलंस का?” तिच्या नवऱ्याने, मोहनने, तर हातच टेकले होते. “काढून टाक ना यार. लॉन लावू, विषय संपला.” शैलजाने ऐकलं नाही. मेलेली नाहीत, थांबलीत, एवढंच ती म्हणत राहिली आणि मनातून धास्तावत राहिली.

आज, मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र अंगणावर नजर ठरत नव्हती. चंदेरी पानांतून हात-हात लांब दांडे वर आले होते आणि दांड्यादांड्यावर पिवळीधमक फुलं. मधमाश्यांना तर बोलावणं गेल्यासारखं झालं होतं. शेजारची रोज दोनदा पाणी पिणारी लॉन्स त्यापुढे अगदीच केविलवाणी दिसत होती.

मिसेस हॅन्सन जागीच उभ्या राहिल्या. मग चष्मा सारखा करून त्यांनी एकेक झुडूप मोजायला घेतलं. दहा झाली. अकरावं नळाशेजारी होतं, मुळापासून कुजून काळं पडलेलं.

“धिस वन इज डेड,” त्या म्हणाल्या आणि पेन उघडलं. “आय ॲम सॉरी. द नोटीस स्टँड्स.”

दहा जगली आणि ते एकच का मेलं, हे शैलजालाही कोडंच होतं. एका झुडपापायी सगळी बाग जाणार म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. संध्याताई नागपूरच्या, चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. सुनेकडे न बघता त्या थेट मिसेस हॅन्सनपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“दॅट वन, आय किल्ड,” त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. “एव्हरी डे, आफ्टर पूजा, वन लोटा वॉटर. शी टोल्ड मी नॉट टू. आय डिड नॉट लिसन.”

“आई, तुम्ही?” शैलजा म्हणाली.

“मीच न बाप्पा. देवाच्या अंघोळीचं पाणी सिंकमध्ये कसं ओतायचं? अन् झाड तहानलेलं बघवेना मला. तू ऑफिसला गेली की घालत होती मी.”

मिसेस हॅन्सन दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. “पाण्याने मेलं?” त्यांनी शैलजाला इंग्रजीत विचारलं. “मग बाकीच्यांना किती घालतेस?”

“एक थेंब नाही. पाऊस आला तेवढाच.”

मिसेस हॅन्सनचं पेन कागदावर तसंच अधांतरी राहिलं. पण नोटीस ती नोटीस. त्या पुन्हा नळाशेजारच्या काळ्या झुडपाकडे बघू लागल्या.

संध्याताईंनी मग पदर खोचला, वाकल्या आणि ते कुजलेलं झुडूप एका हिसक्यात उपटलं. मातीसकट ते त्यांनी ट्रकमधल्या गवताच्या गुंडाळ्यांवर नेऊन टाकलं आणि हात झटकले.

“नाऊ काउंट अगेन,” त्या म्हणाल्या.

मिसेस हॅन्सननी मुकाट्याने पहिल्यापासून मोजलं. शेवटच्या झुडपापाशी त्या जरा जास्तच वेळ थांबल्या. मग नोटिशीवर त्यांनी आडवी रेघ मारली.

“टेन,” त्या म्हणाल्या.

“आउट ऑफ टेन,” संध्याताई म्हणाल्या आणि आता कुठे त्यांनी सुनेकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी कोणालाही पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते.