ट्रकच्या काट्यावर चौघी

गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वजनकाट्यावर चार बायका चढल्या. या काट्यावर ट्रक तोलले जातात. मागे सळ्यांनी भरलेला एक ट्रक उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

काट्याचा माणूस काळुराम केबिनच्या खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ओ ताई, रस्ता तिकडून. हा काटा आहे."

"माहीत आहे," हेमा म्हणाली. "वजनच करायचंय."

"कशाचं?"

"आमचं."

चौघी ठाकुर्लीच्या. रोज सकाळी एकत्र फिरायला जाणाऱ्या. येत्या रविवारी त्या घाटापलीकडच्या एका धावपट्टीवरून लहान विमानात बसणार होत्या. धरण, किल्ला, एक वळसा आणि परत. चौघींनी मिळून अख्खं विमान घेतलं तर ते परवडतं, हे बँकेतून निवृत्त झालेल्या हेमाने शोधून काढलं होतं. शोधलं होतं ते हौसाबाईंसाठी. बाकी तिघी विमानात बसलेल्या होत्या. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या, वयाने सगळ्यांत मोठ्या हौसाबाई अजून बसल्या नव्हत्या. फिरताना डोक्यावरून विमान गेलं की त्या जागीच थांबत आणि ते दिसेनासं होईपर्यंत कोणाशी बोलत नसत.

अडलं ते वजनावर. पायलट सोडून सगळ्यांचं मिळून दोनशे ऐंशी किलो, त्याच्या वर नाही. हेमाने प्रत्येकीला वजन विचारलं, बेरीज केली आणि विमानवाल्यांना कळवली. बेरीज मर्यादेच्या बरीच आत होती. फोनवरचा तरुण अदबीने म्हणाला, "मॅडम, लेडीज ग्रुप असला की आम्ही इथे परत वजन घेतो. जास्त भरलं तर एका मॅडमना खाली थांबावं लागेल."

त्यानंतर चौघींनी मान्य केलं की बेरजेत खोट आहे. कोणी किती चोरलं हे मात्र एकीनेही सांगितलं नाही. हेमानेही नाही.

"मी ऱ्हाते की खाली," हौसाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. "तुमी वरनं हात करा, मी खालनं करते."

"मग आम्ही वर कशाला जायचं?" दर्शना म्हणाली. "काहीही काय बोलता मावशी!"

दर्शना एका दवाखान्यात नर्स आहे. तिथल्या काट्यावर एकेकीने उभं राहावं, असं तिने सुचवलं. शिकवण्या घेणाऱ्या कादंबरीने साफ नकार दिला. "तू आकडा बघितलास की तो कल्याणपर्यंत जातो."

मार्ग हौसाबाईंनीच काढला. त्यांचे यजमान ट्रक चालवायचे. "ट्रक तोलताना आत कांदा किती न् बटाटा किती, कोन इचारतं? सगळा मिळून एक आकडा."

हे सगळं ऐकून काळुरामने ड्रायव्हरला हाताने थांब म्हटलं. ड्रायव्हर खाली उतरला, हॉर्न विसरला आणि बघायला पुढे आला.

चौघी काट्याच्या मधोमध एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. केबिनवरच्या पाटीवर लाल आकडे हलले. दोनशे ऐंशी. दोनशे नव्वद. परत ऐंशी.

"हलू नका!" काळुराम ओरडला.

"मी नाही हलत. कादंबरी हसतेय," दर्शना म्हणाली.

"हसून काय वजन वाढतं?"

"तुझं वाढतं."

पर्स ड्रायव्हरच्या हातात गेल्या. मग फोन. मग चपला काट्याबाहेर भिरकावल्या गेल्या, त्यातली एक थेट सळ्यांवर जाऊन पडली. आकडा ऐंशीवर आला आणि थांबला.

"बसलो!" दर्शनाने उडी मारली. हेमाने हौसाबाईंना मिठी मारली. ड्रायव्हरने पर्स काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

काळुराम खिडकीत तसाच उभा होता. "ताई, एक सांगू का? ह्या काट्याला दहा किलोच्या आतलं कळत नाय. दोनशे पंच्याहत्तर असलं तरी ऐंशी दाखवणार, पंच्याऐंशीला टेकलं तरी ऐंशीच. ट्रकला तेवढं चालतं."

हेमाच्या ओठांवर आकडे चालू झाले. कादंबरीने पोट आत घेतलं. तिघींनी हळूच हौसाबाईंकडे बघितलं. पुढे त्या काय म्हणणार, हे त्यांना माहीत होतं.

हौसाबाई काळुरामकडे बघत होत्या.

"म्हंजे जास्त झालंय असं तुमी म्हनत न्हाई?"

"तसं नाय म्हणत."

"मग खाली कशापायी ऱ्हायचं?" हौसाबाईंनी पदर खोचला आणि अनवाणीच काट्यावरून उतरल्या. "मी खिडकीशी बसनार. आत्ताच सांगून ठेवते."

दर्शना आधी हसली, मग सगळ्याच. ट्रक काट्यावर चढला.

रविवारी पहाटे साडेचारला गाडी सांगितली आहे. कादंबरीने भात सोडल्याचं जाहीर केलं आहे. शनिवारी संध्याकाळी हौसाबाईंनी चौघींच्या ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला: तिखट-मिठाच्या पुऱ्या करायला घेतल्या आहेत, चौघींना आणि पायलटला पुरतील एवढ्या.

पुऱ्या उडायच्या आधी खायच्या की उतरल्यावर, यावर रात्री साडेनऊपर्यंत एकमत झालेलं नव्हतं.