मनोऱ्यावरचा माणूस

“अगं, वर बघ! माणूस आहे तो, पाखरू नव्हे,” शेजारच्या काकूंनी तिचा खांदा हलवला.

तिने आधी लेकीचा, चिमणीचा हात घट्ट धरला, मग वर पाहिलं. घड्याळाच्या मनोऱ्याच्या टोकाशी एक ठिपका दोरावर झुलत होता. त्याच्या शेजारी भलामोठा, गुंडाळलेला झेंडा.

उद्या या देशाचा मोठा दिवस. पाण्याचे बंब रस्ते धूत होते. शिडीवरची एक बाई पुतळ्याच्या नाकातली धूळ ब्रशने काढत होती. भाजीवाल्याने टोमॅटोंतसुद्धा कागदी झेंडे रोवले होते. इथे येऊन तीन महिने झाले, पण शहराकडे असं डोळे भरून तिने आजच पाहिलं.

चिमणीचं आइस्क्रीम फ्रॉकवर ओघळलं. तिने पिशवीत लाळेरं चाचपलं, मग आठवलं. डब्याचं फडकं ओलं होतं, म्हणून सकाळी नवऱ्याचा डबा लाळेऱ्यातच बांधून दिला होता. त्यावरचं पिवळं बदक तिनेच भरलेलं. दोरा संपल्याने एका पायाचं. “गोदामात हसतील मला,” तो कुरकुरला होता.

चौकातला मोठा पडदा सुरू झाला आणि ठिपका घराएवढा झाला. हेल्मेट, काळा चष्मा, नाकापर्यंत रुमाल. तेवढ्यात वारा सुटला. माणूस भिंतीपासून लांब फेकला गेला. तिने डोळे मिटले.

“पडला?”

“छे! आहे अजून.”

“काकू, याच्या बायकोला झोप कशी लागत असेल हो?”

“सवय होते बाई.”

“मला नसती झाली. आमचे हे बरे, खोकी मोजतात. साधा दिवा बदलायचा तरी स्टुलावर मीच चढायचं. ह्यांना गरगरतं म्हणे!”

काकू खो-खो हसल्या.

वर त्या माणसाने कसलीशी गाठ ओढली. झेंडा सरसरत उलगडला, अर्धा मनोरा झाकून गेला. चौकभर टाळ्या कडाडल्या. तिचे डोळे भरून आले. कोण कुठला, पण केवढा धीराचा!

“आता उतरेल ना?”

“कुठलं! वारा पडेपर्यंत तिथेच राखण करायची. चढायला दीड तास लागतो, जेवायला कोण उतरतंय?”

पडद्यावरचा माणूस कठड्यावर पाय सोडून बसला. कमरेच्या थैलीतून त्याने डबा काढला, गाठ सोडली. वाऱ्याने फडकं उलगडलं आणि चौकभर एका पायाचं पिवळं बदक फडफडलं.