राक्षसीचा आवाज

“आवाज बनवू नका, तुमचाच राहू द्या,” काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. “आहे तोच पुरेसा आहे.”

तिने हेडफोन सारखे केले आणि पुन्हा मंत्र म्हटला. पडद्यावर राक्षसीने हात उगारला. अख्खं रान वाळून गेलं.

मंत्र तिला पाठच होता. मुलांच्या याच कार्टून मालिकेत तीन वर्षं ती वनराणीचा आवाज होती. राणी हाच मंत्र म्हणायची तेव्हा वाळक्या फांद्यांना फुलं यायची. शेजारपाजारची मुलं तिला जिन्यात अडवून तो म्हणायला लावायची. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो फुटक्या पिपाणीसारखा. राणीचं काम दुसरीला मिळालं. आठ महिने घरी बसल्यावर स्टुडिओतून फोन आला. नव्या भागांत एक राक्षसी होती.

“पण मंत्र तोच कसा?” तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“जादू एकच असते हो,” दिग्दर्शक म्हणाला. “गोड आवाजात म्हटली की वरदान, घोगऱ्या आवाजात म्हटली की शाप. मुलांना डोळे मिटूनसुद्धा कळायला हवं, चांगलं कोण आणि वाईट कोण.”

तिला हसू आलं. ते हसूही त्याने रेकॉर्ड करून घेतलं.

सहा वर्षांच्या लेकीला तिने यातलं काही सांगितलं नाही. पण राक्षसीच्या पहिल्याच वाक्याला लेकीने टीव्हीवरून मान वळवली आणि आईकडे पाहिलं. त्यानंतर झोपताना गोष्ट नको म्हणायला लागली. आईने हाक मारली की यायची, पण जरा लांबच उभी राहायची आणि तिच्या गळ्यावरच्या व्रणाकडे टक लावून बघायची. एकदा आई जेवायला वाढताना काहीतरी विचारत होती, तर लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. आईने ताट वाढलं, आत गेली आणि नळ सोडून रडून घेतलं. काम सोडावं असं तिच्या मनात आलं. पण या आवाजाला दुसरं काम कोण देणार होतं?

शेवटचा भाग बघायला स्टुडिओने सगळ्यांच्या मुलाबाळांना बोलावलं. राजपुत्राची तलवार चमकली. राक्षसी किंचाळून कोसळली. ती किंकाळी आईने एका दमात दिली होती, दुसऱ्यांदा घ्यावीच लागली नाही. छोटा हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळ्यात जोरात तिचीच लेक वाजवत होती, खुर्चीवर उभी राहून. आईने मान खाली घातली ती दिवे लागेपर्यंत वर केली नाही.

बाहेर पॅसेजमध्ये लेकीने तिची बाही ओढली. कित्येक दिवसांनी ती इतक्या जवळ आली होती. तिचा चेहरा फुलला होता.

“ती नक्की मेली ना?”

आईने होकारार्थी मान हलवली.

“म्हणजे तुझ्या गळ्यातून गेली,” लेक म्हणाली. “आता बोल ना, आधीसारखं.”