अप्पांचा वाचक

वीरभद्रअप्पांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. नातेवाइकांनी ती फुकट मिळूनही उघडली नाही. पण पेठेतल्या वाचनालयात तिच्या शेवटच्या पानावर दर महिन्याला तारखेचा नवा शिक्का पडायचा. तो बघून अप्पा घरी आले, की दारातूनच ओरडायचे, "बसम्मा, ह्या महिन्यातबी पुस्तक न्हेलंय की कुणीतरी!"

शाळेची पायरीही न चढलेली बायको म्हणायची, "न्हेणारच की. लिवलंयसाच तसं."

बसम्मा गेली. त्यानंतर चार महिने एकही शिक्का पडला नाही. न राहवून अप्पांनी ग्रंथपालाला विचारलं, "पुस्तक न्हेणारं कोण हुतं ओ?"

त्यानं देवघेवीचं रजिस्टर पुढं सरकवलं.



अप्पांच्या कादंबरीपुढं, दर महिन्याला, सहीच्या जागी अंगठा उठला होता.