ऐंशी नंबरचं पोर्ट

"पोर्ट आधीच वापरात आहे." रचनानं कॉम्प्युटरवरचा तोच संदेश चौथ्यांदा वाचला. पाळणा तिनं पायानंच हलता ठेवला होता.

अकरा वाजता वडगावातले विणकर साड्यांची वेबसाइट बघायला येणार होते. "आमची सून करंल," असं सासऱ्यांनी, सुबरावांनी, सगळ्यांसमोर सांगितलेलं. तिनंही दोन दिवसांत करते म्हटलं होतं. आज नववा दिवस. बाळंतपणाआधी निपाणीत ती हेच काम करायची, आणि आता वेबसाइट दाखवणारा साधा सर्व्हर उठत नव्हता. कॉम्प्युटर जुना आहे, असं तिनं घरात खोटंच सांगून ठेवलं होतं.

सुबराव चहा घेऊन आले. "काय अडलंय, पोरी?"

"ऐंशी नंबरच्या पोर्टवर, म्हणजे वेबसाइट उघडते त्या दारावर, दुसरंच काहीतरी चालू आहे, मामा. एका पोर्टवर दोन सर्व्हर बसत नाहीत."

"व्हय की. एका मागावर दोन ताणे कसे चढतील? पण दुसऱ्याचा ताणा असला तर इचारून उतरव हं. आमच्यात तसंच करत्यात."

ती नुसती हसली. नंबर बदलता आला असता, पण मग पत्त्यापुढं आकडे टाकायचे, ते म्हाताऱ्या विणकरांना कुठं जमणार? कुठल्या पोर्टवर काय चालू आहे, त्याची तिनं यादी काढली. ऐंशीवर जे चालू होतं, ते नणंदेच्या, करिष्माच्या फोल्डरमधून.

"करिष्मा! कॉलेजचा पसारा इथं कशाला टाकलायस?"

करिष्मा दारात थबकली. "वहिनी, ते काय झालंय..."

"नंतर सांग. इथं माझी अब्रू जायची वेळ आलीय!"

आवाजानं बाळ रडायला लागलं. करिष्मा त्याला उचलून आत घेऊन गेली. ऐंशीवरचं ते बंद केलं तरी पुन्हा आपोआप सुरू झालं, तेव्हा रचनानं वैतागून अख्खं फोल्डर कायमचं पुसून टाकलं. सर्व्हर लगेच उठला.

अकराला मंडळी आली. चार साड्यांचे फोटो, किमती, एक फोन नंबर. एवढंच. तिनं मान खाली घालून दाखवलं.

मारुतीराव त्यांच्यातले सगळ्यात जुने विणकर. चष्मा पुसत म्हणाले, "ब्येस हाय. पण सूनबाई, काल तुम्ही बाळाला निजवत हुता, तवा करिष्मानं इथंच दाखवलं, ते कुठाय? साडीखाली विणणारीचं नाव असलेलं? आमची अंबुबाई तर सोताचं नाव बघून रडली की ओ. पोरगी म्हणली, समदं वहिनींनीच केलंय, उद्या पैल्यांदा बघितल्यागत बघा."