बानाबाईचा जबाब

कागद टेबलावर तयार होता. खाली फक्त सही हवी होती.

"वाचत बसायची गरज नाही," हेडमास्तर म्हणाले. "सही कर बाळ. लगेच तुझा दहावीचा फॉर्म भरून घेतो."

सुगंधानं आईकडं पाहिलं. बानाबाई भिंतीला टेकून उभी होती. तळहातांना सारखा घाम फुटत होता, ती तो लुगड्याला पुसत होती. चिकलठाण्याला कारखान्यात पाळीवर जाताना नवऱ्यानं, मुंजाबानं बजावलं होतं, "पोरीला सही करू दे अन् मोकळी हो. आपल्याला गावात ऱ्हायचंय." बानाबाईनं मान डोलावली होती. मग शेळीचं दूध घेऊन ती रोजच्यासारखी शहरात गेली आणि ज्या घरी दूध घालायची, त्या घरच्या लेकीला, सगीराला, घेऊन आली. सगीराला वकिली सुरू करून दोन वर्षंही झाली नव्हती. अंगावरचा काळा कोट नवाच दिसत होता.

सगीरानं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. "दंगलीच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास दहावीतील मालन साळवे हिने पेटता बोळा शाळेच्या ऑफिसात टाकला. ते मी डोळ्यांनी पाहिले."

तिनं कागद खाली ठेवला. "पाहिलंस तू, सुगंधा?"

"नाय," सुगंधा पुटपुटली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तात्यासाहेब अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. शाळा त्यांच्या संस्थेची होती, आणि गावाभोवतीचा सगळा माळही त्यांचाच. आल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. बानाबाईला हेडमास्तरांच्या बोलण्यापेक्षा त्या अडकित्त्याचीच धास्ती वाटत होती.

"मालननं फळ्यावर काय लिहिलं होतं, ठाऊक आहे का तुम्हाला?" हेडमास्तर सगीराला म्हणाले. "विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून. सगळ्या शाळेनं वाचलंय. मग आग दुसरं कोण लावणार?"

"फळ्यावर लिहिणं वेगळं, सर, आणि आग लावणं वेगळं." सगीराचा आवाज शांत होता. "हिचा फॉर्म अडवायचा असेल तर तसं लेखी द्या. सही केली नाही म्हणून अडवला, एवढंच लिहा. खोट्या जबाबावर सही घेतलीत तर उद्या कोर्टात ह्याच पोरीला उभं करतील. तेव्हा तुम्ही येणार आहात का तिच्यासोबत?"

ती बोलत होती, पण टेबलाखाली तिचा गुडघा थरथरत होता. उभ्या बानाबाईला तो दिसला. वकीलबाईच भिते, मग आपण कुणाच्या जिवावर आलो?

हेडमास्तरांनी तात्यासाहेबांकडं पाहून घेतलं. "बरं. मालन त्या वेळी इथं नव्हती, असंच म्हणायचंय ना तुम्हाला? मग कुठं होती? कुणी पाहिलंय तिला? आणा साक्षीदार."

अडकित्ता थांबला.

सगीरा वळली. हळूच म्हणाली, "मावशी, तुमच्या वतीनं मी बोलू शकते. साक्ष मात्र मला देता येत नाही, ती तुमची तुम्हालाच द्यावी लागते. नाही दिलीत, तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही."

त्या दुपारी दारावर पडलेल्या थापा बानाबाईला पुन्हा ऐकू आल्या. बाहेर काठ्या घेतलेली माणसं होती. 'ती बौद्धवाड्यातली पोर इकडं आली का गं?' आणि आपण दार किलकिलं करून 'नाय' म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातली दोन घरं जळून गेली होती.

"मालन माझ्या घरात व्हती."

आवाज आपलाच आहे, हे तिला क्षणभर कळलंच नाही.

"दगडफेक सुरू झाली तशा माझी सुगंधा अन् ती, दोघी पळत आल्या. मी तिला लोकरीच्या पोत्यांमागं बसवली. अंधार पडूस्तोर तिथंच व्हती. माझ्याच ताटात जेवली."

पाण्याचे ग्लास घेऊन आलेला शिपाई कडूबा उंबऱ्यातच थबकला. म्हणजे दिवेलागणीपर्यंत ही गोष्ट घरोघर जाणार.

सगीरानं शब्दन् शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला. बानाबाईनं अंगठा उमटवला. ठसा फिसकटला. सगीरानं पुन्हा शाई लावून दुसरा घेतला.

तेव्हा तात्यासाहेब पहिल्यांदा बोलले. अगदी मायेनं विचारावं तसं.

"बानाबाई, मेंढरं कुठं चारता हल्ली?"

"तुमच्याच माळावर, मालक."

"हं."

सगीरानं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "तात्यासाहेब, हा प्रश्नही जबाबात घेऊ का?"

तात्यासाहेबांनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग उठून, कुणाशी न बोलता, ते बाहेर गेले. हेडमास्तरांनी खण ओढला आणि एक कोरा फॉर्म सुगंधापुढं टाकला.

"भर," ते म्हणाले.

गेटबाहेर मालनची आई, भामाबाई, सकाळपासून रस्त्याच्या कडेला बसून होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं. बानाबाईला पाहून तिनं बसल्या बसल्याच मान वर केली.

"काय झालं गं बाई?"

"खरं ते लिवून दिलं."

भामाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "अन् तुमचं? आता तुमचं कसं व्हायचं?"

समोरच्या पारावर चार माणसं बोलायची थांबून इकडंच बघत होती.

"सरक जराशी," बानाबाई म्हणाली. "उभं ऱ्हाववंना मला."

आणि सगळ्या गावादेखत ती भामाबाईला खेटून खाली बसली.