सुरतेची शिदोरी

"दोन दिन," वहाणांना तेल चोळत हिंमतराव म्हणाले. "सुरतमा माले काय जास्ती काम शे? विहिरना इंजिननं सामान लेवानं, धर्मशाळामा टेकानं, तिसरा दिन घर."

"आनि दशम्या आठ दिनन्या?" धनुबाईनं विचारलं.

"शहरनं काय सांगता येस? काम अडकनं तं?" त्यांनी मान वर केलीच नाही.

तिथेच धनुबाईच्या डोक्यात किडा वळवळला. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस आधी मुक्काम ठरवायचा आणि मग तेवढीच शिदोरी मागायचा. एक-दोन रात्री असल्या की पाण्यातल्या भाकरी. आठवडा असला की दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या. चैत्राच्या उन्हात पाण्यातली भाकर तिसऱ्या दिवशी बुरसते, दशमी आठ दिवस टिकते. तापीकाठच्या कुठल्याही बाईला शिदोरी दाखवा, गडी कधी परतणार ते ती सांगेल. तोंडानं दोन दिवस आणि गाठोडं आठ दिवसांचं, हे काही खरं नव्हतं.

त्यात त्यांनी लसणाची चटणी मागितली, तीही झणझणीत. स्वतःला तर मिरचीचा वास सोसत नाही, जरा तिखट झालं की रात्रभर पोट धरून बसतात. मग ही चटणी कुणाच्या जिभेसाठी? आणि अंगाची लाही होत असताना जाड गोधडी कशाला बांधून घेतली?

"मगनकडेच ऱ्हाई जा ना," तिनं खडा टाकून पाहिला.

मगन त्यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या पावसाळ्यात नंदुरबारात सरकारविरुद्ध मोर्चे निघाले, शाळा बंद पडल्या, तेव्हा हिंमतरावांनीच त्याला उचलून सुरतेच्या गिरणीत चिकटवून दिल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून तिनं पोराचं तोंड पाहिलं नव्हतं.

"त्यानी खोलीमा जागा नही," हिंमतराव तुटकपणे म्हणाले. "येळ मिळना तं भेटसू."

आठ दिवस राहायला वेळ आहे आणि पोटच्या पोराला भेटायला नाही. धनुबाईच्या पोटात काही राहत नसे, म्हणून ती तडक शेजारच्या फुलीबाईकडे गेली. फुलीबाईचा भाऊ शहाद्याला पोलीस जमादार होता, त्यामुळे सगळ्या मुलखाच्या खबरा तिच्या ओट्यावर येऊन पडत.

फुलीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत हसली. "माय वं, तुन्हा मालकनी सुरतले दुसरं घर तं नही करं? गोधडी बी लई जाई ऱ्हायना, आते काय बाकी शे?"

थट्टाच ती, पण धनुबाईला झोंबली. घरी येताना तिला रडू येत होतं आणि संतापही येत होता. भांडून काय उपयोग, हा माणूस कबूल थोडाच होणार? मग चुलीपुढे बसल्यावर तिला सुचलं.

तिनं दुधाच्या चरवीत विरजण लावून ती फडताळात सारली. पीठ नुसत्या पाण्यात भिजवलं. भाकरी पातळ थापल्या, खरपूस भाजल्या आणि वरून तुपाचा हात फिरवला. दिसायला अगदी दशम्या. रहा म्हणावं आता आठ दिवस. तिसऱ्या दिवशी बुरशी धरली की त्या सटवीलाच खाऊ घाला, नाहीतर मुकाट्यानं घरी या.

पहाटे सालदार गडी फत्तेसिंगनं गाडी जुंपली. तो सातपुड्यातला भिल्ल, बोलायला मोजका. नंदुरबार स्टेशनापर्यंत सोडून तिथेच थांबेन आणि मालकाला घेऊनच येईन, एवढंच म्हणाला. गाठोडं हिंमतरावांनी गाडीत ठेवलं नाही, मांडीवर घेतलं. तेही धनुबाईनं पाहून ठेवलं.

दोन दिवस तिनं कसेबसे काढले. पाण्याला गेली तरी नजर रस्त्याकडे.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाडी दारात आली. हिंमतराव रिकाम्या हातानं उतरले. ना गाठोडं, ना गोधडी, ना इंजिनाचं सामान. धनुबाईला आधी हसूच आलं. पाण्यातल्या भाकरीनं बरोबर खेचून आणलं. मग तिची नजर चाकांवर गेली. नंदुरबारहून यायचं म्हणजे तापीच्या पात्रातून गाडी घालावी लागते, आसापर्यंत चिखल लागतो. चाकं तर कोरडी ठणठणीत होती आणि त्यांवर डोंगराची तांबडी धूळ होती.

"तापी कोरडी पडनी का?" तिनं विचारलं. "कोठे व्हतात तुम्ही? खरं सांगा, नही तं मी आते फुलीबाईकडे जासू."

फुलीबाईचं नाव निघताच हिंमतरावांनी तिला हाताला धरून आत नेलं आणि दार लोटलं.

"सुरतले मी गयाच नही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मगन बी कधी सुरतले नव्हता. त्याना नावनं वारंट शे. सातपुडामा, फत्तेसिंगना गावना वर, कपारमा दडेल शे. तुले सांगं नही, कारन तू फुलीबाईले सांगती आनि ती भाऊले."

पोर जिवंत आहे, जवळ आहे, आणि नवऱ्यानं दुसरं घर केलेलं नाही. धनुबाईला रडू आवरेना.

"बरा शे ना मन्हा मगन?"

"बरा शे. पन पोलीसनी वाटा अडवी टाक्यात. आते आठ दिन कोनले वर जाता येवाव नही." हिंमतरावांनी पागोट्याच्या शेवानं डोळे टिपले. मग त्यांना हसू आलं. "पोऱ्या हुशार शे तुन्हा. म्हने, फत्तेसिंगना घरन्या भाकरी पहिले खाई लेसू. मायन्या दशम्या दूधन्या शेतस, त्या शेवटले ठेवसू."